मुरबाडच्या एका गुंठ्यात स्ट्रॉबेरी: पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी

रोपं कुठून आणायची, हे मला सगळे विचारतात. मंगळवारी सकाळी त्यांना पाणी कोण देणार, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.

आमचं शेत मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यावरून थोडं आत. आम्ही राहतो ठाण्यात, वर्तकनगरला. शेतावर सासूबाई आणि धाकटे दीर असतात. मी पहिल्यांदा स्ट्रॉबेरीचा विषय काढला तेव्हा आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणते) हातातलं निवडण बाजूला न ठेवता विचारलं, "तू शनिवारी येशील. मंगळवारी रोप सुकलं तर फोनवरून पाणी घालशील का?"

तेव्हा राग आला होता. आता नवीन कोणी विचारलं की मी हाच प्रश्न पुढे सरकवते. स्ट्रॉबेरीला रोज सकाळी अर्धा-पाऊण तास आणि फळं सुरू झाली की दीड तास माणूस लागतो. घरचं कोणी शेतावर नसेल तर गड्याला पगार देऊन हे पीक एका गुंठ्यात परवडत नाही. शनिवार-रविवारच्या शेतकऱ्यांनी चिकू लावावा, शेवगा लावावा. माणूस असेल तर पुढे वाचा, आणि पहिल्या वर्षी एका गुंठ्याच्या वर जाऊ नका.

आधी थंडी मोजा

महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि पुस्तकातलं आदर्श तापमान (दिवसा २२ ते २५ अंश, रात्री ७ ते १३) तिकडच्या हिवाळ्याला शोभतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतही दुपारी पारा तिशीला टेकतो. मग पीक येतं कसं? रात्रींमुळे. ठाणे शहरात खाडी आणि सिमेंट रात्रीची ऊब धरून ठेवतात, पण बदलापूर, मुरबाड, शहापूरकडे पहाटे तेरा-चौदापर्यंत उतरतो, कधी त्याखालीही. शेजारच्या पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरी घेऊन दाखवली आहे. ते पठार आमच्यापेक्षा उंच, म्हणून त्यांना थोडी जास्त सवलत.

आपण लावतो त्या जाती दिवस लहान आणि रात्री गार झाल्या की फुलकळी धरतात. उकाडा वाढला की फुलं सोडून लांब तंतू फेकायला लागतात. त्यांना सगळे रनरच म्हणतात. म्हणजे आपल्या हातात नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतच्या नव्वदेक रात्री आहेत. लावणी पंधरा दिवस उशिरा झाली तर ते पंधरा दिवस मार्चमध्ये भरून मिळत नाहीत. पुढचं सगळं या नव्वद रात्रींच्या हिशेबाने वाचा.

(गच्चीवाल्यांसाठी एवढंच: ८-१० इंची कुंडी, सकाळचं ऊन, दुपारी सावली. एका कुंडीतून दहा-पंधरा फळं मिळाली तर खूश व्हा.)

जागा, माती, आणि त्याहून आधी पाणी

भाताचं खाचर पहिल्या वर्षी घेऊ नका. एक तर तिथली माती चिकट, पाणी धरून ठेवणारी. दुसरं म्हणजे स्ट्रॉबेरीचा वाफा तयार व्हायला हवा त्याच दिवसांत खाचरात भात कापणीला उभा असतो. आम्ही घराजवळचा वरकसचा तुकडा घेतला. उताराचा, हलका, पावसाचं पाणी दुसऱ्या दिवशी निघून जाणारा. तुमच्याकडे असा तुकडा विहिरीपासून आणि घरापासून जवळ असेल तर उत्तम. घराजवळ, कारण माकडं आणि गुरं यांच्यावर नजर राहते. आदल्या वर्षी टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा होता ती जागा टाळा. त्यांचे मातीतले काही रोग स्ट्रॉबेरीलाही लागतात.

मातीचा सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहा असावा. आपल्या भागातली माती बहुधा त्याच्या आसपास असते, तरी मे महिन्यात नमुना काढून तपासून घ्या. नमुना कुठे द्यायचा ते मुरबाडच्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयात सांगतात.

पण मातीपेक्षा मला पाण्याची तपासणी महत्त्वाची वाटते. स्ट्रॉबेरीला क्षार अजिबात चालत नाहीत. पाण्याची क्षारता, म्हणजे अहवालातला 'ईसी', १ च्या आत हवा; अर्ध्याच्या आत असेल तर फारच छान. उघड्या विहिरीचं पाणी सहसा चालतं, खोल बोअरचं तपासल्याशिवाय भरवसा नाही. घोडबंदरच्या खाडीकडचा भाग, दिवा, नवी मुंबईतल्या जुन्या खारजमिनी, इथे जमिनीत लावायचा विचार सोडून द्या. क्षार चढले की पानांच्या कडा तपकिरी होतात, माणूस त्याला रोग समजून फवारत बसतो आणि रोप तहानेने मरतं.

पाणी लागतं किती? अंदाजापेक्षा कमी. वाढलेल्या रोपाला आपल्या उन्हात दिवसाला ४०० मिली धरा. साडेचारशे रोपांना झाले १८० लिटर. बांधावर उंचावर १००० लिटरची टाकी बसवली की पाच दिवस लाइटची वाट पाहावी लागत नाही. शेतीची लाइट एक आठवडा रात्रीची असते, तेव्हा टाकीची किंमत कळते. शहापूर तालुका मुंबईला पाणी पाजतो आणि एप्रिलमध्ये त्याच्याच पाड्यांवर टँकर येतात. आमच्याकडच्या विहिरीही मार्चपासून खाली जातात. स्ट्रॉबेरी तोवर आटोपते, एवढं एक गणित आपल्या बाजूने आहे.

वाफा

सप्टेंबरच्या शेवटी पावसाने उघडीप दिली की नांगरून, ढेकळं फोडून, गुंठ्याला २५० किलो पूर्ण कुजलेलं शेणखत आणि १० किलो निंबोळी पेंड मिसळा. 'पूर्ण कुजलेलं' म्हणजे हातात घेतल्यावर शेणाचा वास न येणारं, भुसभुशीत. कच्च्या शेणातून हुमणी, म्हणजे मातीतली जाड पांढरी अळी, येते आणि रोपाची मुळं खालून साफ करते. रोप हलकेच ओढलं तर हातात येतं. शेणखतात ट्रायकोडर्मा (ही रोपाच्या उपयोगाची बुरशी) मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवलं तर मुळकूज कमी होते.

गादीवाफ्याचं माप आमचं असं: माथा २ फूट, उंची वीतभर, दोन वाफ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ५ फूट. मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरायचं प्लास्टिक, ४ फुटी मिळतो. माथा दोन फुटांपेक्षा रुंद केला तर कडा मातीत दाबायला पेपर उरत नाही, आणि कडा सुटलेला पेपर वाऱ्याने फडफडून रोपांची मान कापतो. या मापाने एका गुंठ्यात साधारण ६५ मीटर वाफा बसतो. वाफ्यावर फुटाफुटावर दोन ओळी, समोरासमोर न लावता नागमोडी. म्हणजे सव्वाचारशे ते साडेचारशे रोपं.

आधी ठिबक, मग पेपर. १६ मिलिमीटरची इनलाइन नळी, एका फुटावर तोटी, तासाला २ लिटरची. वाफ्यावर दोन नळ्या. पाणी सोडून प्रत्येक तोटी ठिबकते का ते उघड्या डोळ्यांनी पाहा, पेपर टाकल्यावर ते दिसणार नाही. मोठ्या क्षेत्रावर ठिबक करायचं असेल तर महाडीबीटी पोर्टलवर अनुदानाचा अर्ज करता येतो, सातबारा हाताशी ठेवा. एका गुंठ्यासाठी मी त्या वाटेला गेले नाही.

पेपर ३० मायक्रॉनचा, चंदेरी-काळा, आणि चंदेरी बाजू वर. हे मोठ्याने सांगते कारण आमच्या शेजारी एकाने काळी बाजू वर अंथरली होती. ऑक्टोबरच्या दुपारी त्या पेपरवर हात ठेववत नव्हता. कोवळी पानं पेपरला टेकली तिथे करपली. भोकं पाडायला रिकामा टिनाचा छोटा डबा घ्या, त्यात चुलीतले निखारे भरा, तारेचं हँडल करा आणि पेपरवर टेकवा. गोल, स्वच्छ, कडा वितळून बंद झालेलं भोक पडतं. कात्रीने कापलेलं पुढे फाटत जातं.

आणि भाताचा पेंढा? तो ठेवा, वाफ्यांमधल्या वाटेत घालायला. चिखल उडत नाही, तण कमी येतं. झोडपून दाणे नीट निघालेले असावेत, नाहीतर वाटेत भात उगवतो आणि दाण्यांमागे उंदीर येतात, उंदरांमागे काय येतं ते सांगायला नको.

रोपं

स्ट्रॉबेरी बियांपासून लावत नाहीत. मातृरोपं बाहेरच्या देशांतून येतात, वाई-पाचगणी-भिलार भागातल्या रोपवाटिका पावसाळ्यात त्यांच्या रनरपासून पिशवीत रोपं करतात, ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विकतात. ऑगस्टमध्येच नोंदणी करा. आयत्या वेळी गेलात तर उरलीसुरली मिळतात.

जातींची नावं भरपूर ऐकाल: विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमारोझा, नाबिला, स्वीट सेन्सेशन. आपल्याला लवकर येणारी हवी, कारण रात्री मोजक्या. विंटर डॉन लवकर धरते आणि फळ टणक असतं. स्वीट चार्लीही लवकरची, चवीला गोड, पण नाजूक. कॅमारोझाचं फळ मोठं आणि प्रवासाला चांगलं, तरी ती उशिरा जोर धरते. खाली आपल्याकडे तिला पुरेसा वेळ मिळत नाही, असं माझं मत. पहिल्या वर्षी दोन जाती अर्ध्या-अर्ध्या लावा आणि कुठली ओळ कुठली ते खुंटीवर लिहा. लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही.

रोप घेताना पिशवी उचलून खाली पाहा: पांढरी मुळं दिसली पाहिजेत. तीन-चार निरोगी पानं, मधला कोंब हिरवा आणि टणक. पानांवर जांभळट गोल ठिपके, किंवा पानाच्या मागे बारीक जाळं असेल तर ते रोप बाजूला ठेवा, विक्रेता कितीही घाईत असला तरी.

लावणीची संध्याकाळ

पहिल्या वर्षी आम्ही इथेच मार खाल्ला, म्हणून थोडं सविस्तर.

दसऱ्याच्या सुट्टीचा मुहूर्त साधून, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, वाईहून टेम्पोने रोपं आणली. नारायणगाव, ओतूर, माळशेज उतरून टोकावड्याला पोचेपर्यंत सकाळचे अकरा. ताडपत्रीखाली रोपं वाफाळलेली. सुट्टी संपत होती म्हणून आम्ही भर दुपारी लावायला बसलो. मी, भाऊजी, दोन शेजारणी. पटापट. भोकात रोप, भोवती माती, वरून एक दाब. रोप हलू नये म्हणून चांगलं खोल दाबलं. संध्याकाळी ओळीत उभी ती रोपं पाहून मी फोटो काढले.

तिसऱ्या दिवशी परतीचा पाऊस आला. मुंबई-ठाण्यातून पाऊस निघण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर धरतात, पण सरासरी ती सरासरी. दोन रात्री विजा आणि सरी. भोकाभोवतीची सैल माती वाहून प्रत्येक रोपाच्या मधोमध बसली. पुढच्या शनिवारी गेले तेव्हा निम्मी रोपं उभी होती, पण मधलं पान ओढलं की सुटून हातात येत होतं, बुडाशी काळं आणि घाण वासाचं. ४५० पैकी २१० गेली.

चूक पावसाची कमी आणि आमची जास्त होती. स्ट्रॉबेरीच्या मुळांच्या वर आणि पानांच्या खाली एक आखूड, जाड बुंधा असतो. बागायतदार त्याला क्राउन म्हणतात. रोपाचा जीव तिथे. तो मातीत गाडला गेला तर कुजतो, उघडा राहून मुळं दिसायला लागली तर वाळतो. क्राउनचा खालचा अर्धा भाग मातीत आणि कोंब मातीच्या वर, हीच पातळी. आई आता लावणी झाल्यावर प्रत्येक ओळीतून बोट फिरवत जातात. कोंबाला बोट लागलं पाहिजे. मातीच लागली तर ते रोप उकरून पुन्हा.

म्हणून आता आमची पद्धत ठरलेली आहे. रोपं आली की दोन दिवस झाडाखाली सावलीत ठेवायची, पाण्याचा शिडकावा करत. इथल्या हवेची ओळख होते. लावणी २० ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबरच्या दरम्यान, हवामानाचा अंदाज पाहून. आदल्या रात्री ठिबक तासभर चालवून वाफा आतून ओला करायचा. लावायला बसायचं ते दुपारी साडेचारनंतर. पिशवी ब्लेडने उभी कापायची, मातीचा गोळा फोडायचा नाही, आणि ट्रायकोडर्माच्या पाण्यात बुडवून लगेच भोकात. सोबत किमान चार माणसं हवीत. साडेचारशे रोपं दोन संध्याकाळी लावली तरी बिघडत नाही. पन्नास रोपं जास्तीची आणा आणि सावलीत राखून ठेवा. पहिल्या दहा दिवसांत मेलेल्यांच्या जागी तीच बसतात.

पहिला महिना

ऑक्टोबर हिट संपलेली नसते. बांबूच्या कमानींवर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट दोन आठवडे टाका, नंतर आधी सकाळची, मग दुपारचीही काढा. शेडनेट कायम ठेवण्याचा मोह होतो. सावलीत पानं छान वाढतात आणि फुलं येत नाहीत.

नवीन पान उलगडायला लागलं म्हणजे रोप लागलं. या काळात येणारे रनर दिसतील तसे खुडून टाका. फुलांचं काय करायचं यावर मतं वेगळी आहेत. डोंगरावरचे लोक पहिला बहर खुडून रोप तगडं करतात. आपल्याकडे वेळ कमी, म्हणून लावणीपासून तीन आठवड्यांत आलेली फुलंच खुडायची, त्यानंतरची ठेवायची. ती पांढरी फुलं खुडताना जिवावर येतं, हे मान्य.

पाणी आणि खत

पूर्ण दाबाने ठिबक रोज सकाळी १२ ते १५ मिनिटं पुरतं. टाकीवरून चालवलं तर दाब कमी, वेळ वाढवावा लागतो; एका तोटीखाली वाटी ठेवून १५ मिनिटांत किती जमतं ते मोजा आणि त्यावरून ठरवा. खरी परीक्षा बोटाची. भोकात बोट पेरभर घाला: माती ओलसर लागली पाहिजे, बोटाला चिखल लागता कामा नये.

खतांचं फार शास्त्र एका गुंठ्याला लागत नाही. पाण्यात विरघळणारी खतं घ्या, पिशवीवरचे आकडे म्हणजे त्यातलं नत्र, स्फुरद आणि पालाश: पहिला महिना १९:१९:१९, कळी दिसायला लागली की ००:५२:३४, फळं भरताना १३:००:४५. आठवड्यातून दोनदा, दर वेळी गुंठ्याला १०० ग्रॅम, ठिबकच्या शेवटच्या पाच मिनिटांत. कॅल्शियम नायट्रेट पंधरवड्यातून एकदा द्या, पण वेगळ्या दिवशी. फॉस्फेट किंवा सल्फेटच्या खतात मिसळलं तर टाकीत पांढरा गाळ होतो आणि तोट्या बुजतात. युरिया हातातसुद्धा घेऊ नका. पानं कोबीसारखी होतात, फळ पिळपिळीत.

वाकडं फळ

डिसेंबरात पहिली फळं येतील तेव्हा त्यातली काही वाकडी, मांजराच्या तोंडासारखी दुमडलेली असतील. लोक याला लगेच रोग ठरवतात. फळ हातात घेऊन बघा. स्ट्रॉबेरीवर बाहेरून दिसतात त्या पिवळसर 'बिया' म्हणजे खरं तर एकेक स्वतंत्र बारीक फळ आहे, आणि आपण खातो तो लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला बैठा भाग. ज्या बीला पराग मिळाला तिच्या भोवतीचा गर फुगतो, जिला मिळाला नाही तिथे खळगा राहतो. वाकड्या फळाच्या दुमडलेल्या जागी बिया बारीक आणि दाटीने दिसतील. तिथे मधमाशी पोचली नव्हती.

उपाय म्हणजे माश्यांना येऊ देणं. सकाळी फुलांवर काहीही फवारू नका, कडुनिंबाचा अर्कसुद्धा संध्याकाळीच. आमच्या बांधावर आईंनी झेंडू आणि तुळस लावली आहे, आणि जवळच्या उंबराच्या ढोलीत सातेरी माश्यांचं पोळं आहे, ते कोणी काढू नये म्हणून भाऊजी राखण करतात. दुसरं कारण बोरॉनची कमतरता असू शकतं, पण आधी माश्या बघा.

कोण कोण खायला येतं

कोरड्या हवेत सगळ्यात मोठा शत्रू लाल कोळी. पानं वरून निस्तेज, ब्राँझसारखी दिसली की उलटवून बघा. भिंगातून हलणारे ठिपके दिसतील. सुरुवातीलाच अशी पानं तोडून शेताबाहेर जाळा, पानांच्या मागच्या बाजूला जोराने पाणी मारा, गरज पडली तर गंधकाची फवारणी, पण भर उन्हात कधीच नाही. मावा आणि फुलकिड्यांसाठी निळे-पिवळे चिकट सापळे, गुंठ्यात चार-पाच. ढगाळ हवा आली की भुरी, म्हणजे पानांवर पांढऱ्या भुकटीसारखी बुरशी, येते. कुठलंही रासायनिक औषध वापरायची वेळ आली तर बाटलीवर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. तेवढे दिवस फळ विकू नका, घरातही खाऊ नका. हे फळ सोलून खात नाहीत.

रात्री पेंढ्याखालून गोगलगायी येतात. संध्याकाळी ओलं पोतं वाटेत टाका, सकाळी उचलून खालच्या गोळा करा. आणि बुलबुल! फळ पिकलं की आपल्याआधी त्यांना कळतं, आणि एकच फळ पूर्ण खातील तर शपथ. प्रत्येकाला एकेक चोच. चमकत्या पट्ट्या आठवडाभर चालतात, मग ते त्यांच्यावरच बसतात. आम्ही शेवटी डिसेंबरपासून कमानींवर जाळी टाकली. दिवसा माश्यांसाठी एक बाजू वर गुंडाळून ठेवतो. जाळीची भोकं बोटभर रुंद असली तर तेही करावं लागत नाही.

काढणी

स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. आंबा अढीत घालतो तसं हिचं होत नाही. ठेवली तर रंग गडद होतो, गोडी जिथल्या तिथे राहते. महाबळेश्वरहून ठाण्यात येणारं फळ प्रवास सोसावा म्हणून थोडं आधी तोडावं लागतं. सरळगावहून ठाणे दोन-अडीच तास. आपण देठापर्यंत लाल झालेलं फळ सकाळी तोडून दुपारी विकू शकतो. आकार, दिसणं आणि भाव या बाबतींत महाबळेश्वरशी बरोबरी करायला जाऊ नका. या एका बाबतीत ते आपल्याशी करू शकत नाहीत.

तोडायचं उजाडल्यापासून साडेआठच्या आत, फळ गार असताना. फळाला धरून ओढायचं नाही. देठ नखात धरून फळाच्या वर बोटाच्या पेरावर खुडायचा, हिरवी टोपी फळावर राहिली पाहिजे. टोपी निघाली की फळ तिथून पाणी सोडतं. एक दिवसाआड फेरी. उथळ क्रेटमध्ये केळीचं पान किंवा कागद घालून दोन थरांच्या वर नको. धुवायचं नाही; ज्याने खायचं त्याने खाताना धुवावं. कुजलेलं, चोच मारलेलं फळसुद्धा तोडून वेगळ्या बादलीत टाका, रोपावर ठेवलं तर बुरशी शेजारच्याला लावतं.

घोसातलं पहिलं फळ सगळ्यात मोठं, नंतरची लहान होत जातात. फेब्रुवारीत फळ बोराएवढं झालं म्हणून घाबरू नका. चवीला आमच्याकडे सगळ्यात सरस म्हसा गावच्या जत्रेच्या आगेमागे, पौष पौर्णिमेच्या थंडीत.

विकायचं कुठे

वाशीच्या फळ बाजारात एका गुंठ्याचा माल नेऊ नका. तिथे महाबळेश्वरच्या पेट्यांच्या राशीशेजारी आपले तीन क्रेट कोणी पाहत नाही, वर हमाली आणि टेम्पोभाडं. सोसायटीचे व्हॉट्सअॅप ग्रुप, नात्यातले, ऑफिसातले आणि शेतकरी आठवडे बाजार, एवढ्यावर गुंठा संपतो. आदल्या रात्री नोंदणी घ्या, तेवढंच तोडा, पाव किलोचे डबे भरा. पहिल्याच वेळी स्पष्ट सांगा की फळ लहान आहे, फ्रिजमध्ये दोन दिवसच राहील. एका ओळखीच्या काकूंनी पाच दिवसांनी डब्याचा फोटो पाठवून पैसे परत मागितले होते. मी दिले. त्यानंतर डब्यावर तोडणीची तारीख चिकटवायला लागले.

गेल्या हंगामाचा आमचा हिशेब: ४३० रोपांपासून ८० किलोच्या आसपास फळ, त्यातलं ५५ किलो विकण्याजोगं, पाव किलोला ८० रुपयांनी साडेसतरा हजार. रोपं, पेपर, शेणखत, खतं, डबे आणि पेट्रोल मिळून खर्च साडेबारा हजार. ठिबक, जाळी आणि टाकी आधीच्या वर्षांची. घरच्यांची मजुरी यात धरलेली नाही. ती धरली तर हा हिशेब मी तुम्हाला दाखवला नसता. उरलेल्या लहान फळांचा जाम आणि सरबत होतं.

मार्च

होळीच्या सुमाराला रनर उधळायला लागतात, फळं आंबट आणि मऊ होतात. तेव्हा थांबा. पुष्कळ नवशिके ही रोपं पावसाळ्यात जगवून पुढच्या वर्षाची सोय करू बघतात. मीही दोन हंगाम प्रयत्न केला. उन्हाळ्याने निम्मी आणि जुलैच्या पावसाने उरलेली नेली. जी चार-पाच जगली त्यांच्यावर आधीचे सगळे रोग होते. रोपं दर वर्षी नवीनच आणा.

जुनी रोपं क्राउनसकट उपटून शेताबाहेर टाका. पेपर आणि ठिबक मात्र काढू नका, त्याच भोकांत एकाआड एक काकडी टोचता येते, विहिरीला पाणी असेल तर. आमच्याकडे या वर्षी तीच आहे. बिया टोचायला आई बसल्या होत्या, आणि जिथे रोप मेलं होतं ती भोकं त्यांनी सोडून दिली. "इथली माती आधी उकरून बघ," म्हणाल्या, "काय होतं ते कळल्याशिवाय मी नाही टाकणार." उकरलं तर हुमणी निघाली, अकरा भोकांत.